सल्ला हवा: यॉन्गकिंडची बंदरचित्रं कुठे आणि कशी बघावीत?

जलरंगी
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात लेकीकडे रॉटरडॅमला जातेय. मी हौसेने जलरंगात निसर्गचित्रं करते. फ्रेंच चित्रकार मोनेबद्दल वाचताना योहान बार्टोल्ड यॉन्गकिंड (१८१९–१८९१) या डच चित्रकाराचं नाव सारखं समोर येतं. बंदरं, कालवे, पवनचक्क्या, चांदण्यातलं पाणी! मोबाइलवर पाहूनच वेड लागलंय. प्रत्यक्ष बघायला सुरुवात कुठून करू? तैलचित्रं आधी की जलरंग? लेकीला सुट्टी कमी आहे, पण पॅरिसची एक धावती फेरी जमेल.

बंदरवेडा
ताई, बेलाशक जलरंग आधी. तो जागेवर बसून काम करायचा ते कागदावर. तैलचित्रं नंतर स्टुडिओत, त्याच कागदांवरून व्हायची. म्हणजे बंदरातला वारा आधी कागदावर उतरलाय.

तुम्ही स्वतः जलरंग करता, म्हणून नेमकं काय बघायचं ते सांगतो. खाली खडूची किंवा पेन्सिलची भराभर ओढलेली रेघ असते आणि ती लपवायचा तो जराही प्रयत्न करत नाही. क्षितिज बरंच खाली, वरचा सगळा पसारा आकाशाचा. ढग बहुतेक वेळा कोऱ्या सोडलेल्या कागदाचे. पाणी रंगवताना आडवे, तुटक फटकारे आणि मधूनमधून पांढरा कागद. तो पांढरा तुकडाच चमकतो. डोलकाठी एका दमात मारलेली. एखादा कागद समोर ठेवून नक्कल करून बघा, कुठे थांबायचं हे त्याला किती अचूक कळायचं ते हाताला कळेल. पुष्कळ कागदांवर त्याने जागा आणि तारीखही लिहिलीय, ती चुकवू नका.

आणि लेक रॉटरडॅमलाच आहे तर व्लार्डिंगेनला जाऊन या, जवळच आहे. तो तिथे नदीकाठी वाढला.

ॲमस्टेलकर
बंदरवेडा यांच्याशी सहमत, पण एक अडचण. उजेडाने रंग उडतात, म्हणून कागदावरची कामं भिंतीवर कायम टांगलेली नसतात. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये कागदावरच्या चित्रांसाठी अभ्यासिका आहे. आधी वेळ मागून घेतली तर संग्रहातली कामं टेबलावर बघता येतात. त्यांच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारातल्या प्रतिमा फुकट उतरवताही येतात. जायच्या आधी घरीच यादी करा.

दगडीछाप
त्याच्या कोरीवचित्रांचा विषय कुणीच कसा काढला नाही? १८६२ मध्ये त्याने हॉलंडच्या दृश्यांचा सहा एचिंगचा (तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा) संच काढला आणि फ्रेंच कवी बोदलेअरने त्याचं कौतुक केलं. माझं सर्वांत आवडतं म्हणजे १८६८ चं अँटवर्प बंदरातल्या सूर्यास्ताचं. ते बघताना जवळ जा: मोजक्या ओरखड्यांत जहाजं, मोकळ्या रेषांत अख्खं आकाश. जलरंगातला हातच तांब्याच्या पत्र्यावर चाललाय.

सीनकाठ
तैलचित्रांना असं मागे टाकू नका. पॅरिसला जाणारच आहात तर तिथल्या ऑर्से संग्रहालयात १८६४ चं सीन नदी आणि नोत्र दाम चर्चचं तैलचित्र बघा. हेच चर्च त्याने वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवली, मोनेच्या चित्रमालिकांच्या कितीतरी आधी. चांदण्यातली दृश्यं तर तैलरंगातच खुलतात, हे माझं ठाम मत. वेळ असेल तर नॉर्मंडीत ऑनफ्लरलाही जा, तिथलं जुनं बंदर त्याने खूप रंगवलंय.

जलरंगी
केवढी माहिती! पण एक शंका. त्याला इंप्रेशनिस्ट म्हणायचं का, म्हणजे मोनेसारखा बदलता उजेड झटपट टिपणाऱ्या चित्रकारांपैकी एक? काही ठिकाणी आधीचा, काही ठिकाणी त्यांच्यातलाच म्हटलंय.

बंदरवेडा
इंप्रेशनिस्टांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तो नव्हता. बोलावलं होतं, त्याने नकार दिला. पण १८६२ मध्ये नॉर्मंडीत मोनेची भेट झाली आणि आपल्या डोळ्यांचं शिक्षण यॉन्गकिंडमुळे पूर्ण झालं, असं मोनेने पुढे स्वतः सांगितलं. माझ्या लेखी एवढं पुरेसं आहे.

त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८५५ मध्ये कर्ज आणि दारूने पिचून तो रॉटरडॅमला परतला. १८६० मध्ये पॅरिसच्या चित्रकार मित्रांनी आपापली चित्रं लिलावाला देऊन पैसे उभे केले आणि त्याला परत आणलं. नंतरचं सगळं उत्तम काम त्यामुळे शक्य झालं.

ॲमस्टेलकर
रॉटरडॅमच्या बंदराचीच भूक असेल तर पुढच्या पिढीतले योहान हेंड्रिक फान मास्टेनब्रूक (१८७५–१९४५) आणि एव्हर्ट मॉल (१८७८–१९५५) शोधा. वाफेची जहाजं, धूर, राखाडी पाणी. मे १९४० च्या बॉम्बवर्षावात शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, त्यामुळे मास्टेनब्रूकच्या जुन्या चित्रांना आज वेगळंच मोल आहे. चित्रकार म्हणून मात्र यॉन्गकिंड वरचा.

जलरंगी
ठरलं मग: आधी अभ्यासिका, मग व्लार्डिंगेन, शेवटी ऑर्से. सीनकाठ, ऑनफ्लर या खेपेला जमणार नाही, पण चांदण्याची चित्रं मुद्दाम शोधेन. अभ्यासिकेत चित्रवही नेऊ देतात का?

ॲमस्टेलकर
वेळ मागतानाच विचारून घ्या. अशा ठिकाणी पेन आणि रंग सहसा चालत नाहीत, पेन्सिल चालते. आणि मेल इथून निघायच्या आधीच करा.