साल मगरीची, म्हणजे ऐनच

ताम्हिणी घाटाच्या उतारावरच्या झाडाचा फोटो टाकून हे झाड कोणतं, असं इथे विचारलंय. त्याला एकाने अर्जुन म्हटलंय, पण मला तरी तो ऐन वाटतो. दोघं सख्खे चुलतभाऊ, त्यामुळे गल्लत होतेच. फळांना पाच पंख दोघांच्याही असतात.

आधी खोड बघा. फोटोत साल काळपट, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकटी पडलेली, थेट मगरीची पाठ. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी-राखाडी, पातळ पापुद्रे सुटणारी. आणि तो राहतो नदी-ओढ्याच्या काठी. कोरड्या उतारावर सहसा नाही.

पुन्हा गेलात तर खाली पडलेलं एखादं पान उलटं करा. देठाजवळ मधल्या शिरेवर मोहरीएवढ्या एक-दोन गाठी दिसतील. पण एवढ्यावर ऐन म्हणू नका, अशा ग्रंथी अर्जुनालाही असतात. मी एकदा त्यावरच फसलो होतो!

फुलं मे-जूनच्या सुमारास येतात, मळकट पिवळसर तुऱ्यांत. पाकळ्या नाहीतच, दिसतात ते पुंकेसर. फुलांवरून या दोघांत फरक करणं अवघडच, फळ बरं. ऐनाचे पंख रुंद, त्यांवरच्या रेषा आडव्या सरळ कडेपर्यंत जातात. अर्जुनाचे अरुंद, रेषा वर वळलेल्या.

किंजळ असेल का, असंही कोणी विचारलंय. त्याच्या फळाला एकच मोठा पंख असतो, आणि पावसाळ्यानंतर अख्खं झाड तांबूस दिसतं. फोटोत तसं काही नाही. फळाचा जवळून फोटो मिळाला तर टाका.