कच्चे लायसन काढण्याआधी ऑनलाइन शिक्षण: काय ग्राह्य धरतात आणि काय नाही?

प्रश्न (खानापूर तालुका)

नमस्कार. माझे वय २७ असून मी जांबोटी रस्त्यावरील एका गावातील शाळेत शिकवते. सकाळची बस चुकली की शाळेत पोहोचेपर्यंत प्रार्थना होऊन पहिला तासही अर्धा संपलेला असतो, म्हणून या दिवाळीला स्कूटर घ्यायचे घरात ठरले आहे. आजवर मी सायकलशिवाय काहीही चालवलेले नाही, त्यामुळे आधी नीट शिकून मगच रस्त्यावर उतरावे, अशी माझी इच्छा आहे.

माझा २३ वर्षांचा धाकटा भाऊ शिक्षणासाठी अमेरिकेत, टेक्सास राज्यात आहे. पहिला परवाना काढण्यापूर्वी त्याला सहा तासांचा अभ्यासक्रम ऑनलाइन पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र द्यावे लागले. त्याचे ऐकून मीही शोध घेतला, तेव्हा ‘घरबसल्या वाहनचालक प्रशिक्षण, प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती दिसल्या. असे प्रमाणपत्र घेतल्यास आपल्याकडे काही सवलत मिळते का, की सारथी पोर्टलवर (लायसनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर) दाखवला जाणारा रस्ता सुरक्षेचा पाठ तेवढाच ग्राह्य धरतात?

दुसरी अडचण आधार कार्डाची आहे. लग्नाला दीड वर्ष झाले, तरी त्यावर अजून माहेरचा, चंदगड तालुक्यातला पत्ता आहे. तिसरी अडचण भाषेची. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. कन्नड बोललेले समजते, पण वाचताना अक्षर अक्षर जुळवावे लागते.

शेवटचे म्हणजे, एका ऑनलाइन सेवा केंद्रात चौकशी केली असता तेथील माणसाने मला सांगितले, “मॅडम, तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर बसा, उत्तरे आम्ही देतो.” मला ते मुळीच पटले नाही, परंतु सगळे असेच करतात, असे शेजारीपाजारी सांगतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, मी या शहरात बावीस वर्षे मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

प्रथम जाहिरातींविषयी. खासगी संकेतस्थळावरून विकत घेतलेले ऑनलाइन प्रमाणपत्र दाखवून आपल्याकडे कोणतीही परीक्षा माफ होत नाही. तुमच्या भावाला लागू झालेला नियम टेक्सासमधील १८ ते २४ वयाच्या नव्या चालकांसाठीचा आहे आणि तेथेही सहा तासांच्या त्या अभ्यासक्रमानंतर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावीच लागते. आपल्याकडे चाचणीतून सूट मिळते ती केवळ सरकारमान्य ‘अॅक्रेडिटेड’ चालक प्रशिक्षण केंद्रातून पूर्ण शिक्षण घेतलेल्यांना. हा नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहे. त्या केंद्रांतील हलक्या मोटार वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून त्यातले २१ तास प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे असतात. यावरून स्क्रीनसमोर बसून शिकण्याला किती वाटा दिला आहे, ते तुमच्या ध्यानात येईल.

आता सारथी पोर्टलविषयी. आधारच्या आधारे अर्ज केला, तर कच्च्या लायसनची परीक्षा घरबसल्या देता येते. तिच्याआधी रस्ता सुरक्षेची ध्वनिचित्रफीत शेवटपर्यंत पाहावी लागते, त्यानंतर परीक्षेचा पासवर्ड मोबाईलवर येतो, आणि परीक्षा चालू असताना कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर असतो. निदान साठ टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शुल्क वाहनाच्या प्रत्येक वर्गामागे १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये, एवढेच आहे. त्यावर कोणी हजाराच्या गोष्टी करू लागला, तर तो पैसा कशाचा, हे विचारून घ्या.

पुष्कळ जण ही चित्रफीत लावून स्वयंपाकघरात निघून जातात. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण त्या पाठातला प्रत्येक नियम आपल्याच रस्त्यावर कुठे ना कुठे भेटतो. मानवरहित रेल्वे फाटकाचा प्रश्न घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३१ प्रमाणे अशा फाटकापाशी गाडी थांबवायची, सोबतच्या माणसाने रुळापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करायची आणि मगच वाहन पलीकडे न्यायचे. सोबत कोणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचे. ब्रॉडगेज मार्गावरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, त्यामुळे हा प्रश्न आता निरुपयोगी आहे, असे मुले म्हणतात. परंतु टिळकवाडीच्या पहिल्या आणि दुसऱ्या गेटवर मी उभ्या आयुष्यात जे पाहिले, ते निराळेच सांगते. फाटक पडलेले असताना स्कूटर एका अंगाला कलंडवून, मान खाली घालून दांड्याखालून जाणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या कोणीही मान वर करून रुळाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. थांबून दोन्हीकडे पाहायचे, ही सवय त्या एका प्रश्नात शिकवलेली आहे.

दुसरे उदाहरण तुमच्याच वाटेवरचे आहे. जांबोटीहून कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाट. अरुंद चढावर समोरासमोर दोन वाहने आली आणि जागा अपुरी पडली, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियम आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे किती कठीण असते, हे एकदा समजले की हा नियम पाठ करावा लागत नाही. पावसाळ्यात धुक्यात तिथे दहा हातांवरचे दिसत नाही. त्या वेळी उतारावरचा माणूस आपल्याला वाट देईल, या भरवशावरच चढणारा पुढे येत असतो.

तुम्हाला एक अभ्यास सुचवतो, जो मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेत असे. सध्या ज्या बसने शाळेला जाता, तिच्यात चालकामागच्या पहिल्या बाकावर बसा आणि रस्त्यावर दिसेल त्या प्रत्येक फलकाचा अर्थ मनात म्हणा: त्रिकोण असेल तर सावध करणारा, लाल कडेचे वर्तुळ असेल तर मनाई करणारा, निळा चौकोन असेल तर माहिती देणारा. चालक कोणत्या वळणाआधी गिअर बदलतो आणि कुठे हॉर्न वाजवतो, तेही पाहा. आठ दिवसांत तुमचा तो रस्ता पाठ होईल आणि परीक्षेतील चिन्हांचे प्रश्न त्यासोबत सुटलेले असतील.

आधारचा पत्ता मात्र आधी बदलून घ्या. आधारच्या वाटेने अर्ज केला की नाव, छायाचित्र आणि पत्ता तेथूनच उचलला जातो, आणि चंदगड तर महाराष्ट्रात पडते. पत्ता बदलेपर्यंत थांबायचे नसेल, तर सध्याच्या रहिवासाचा पुरावा घेऊन बेळगावच्या आरटीओ कार्यालयात परीक्षा देण्याची वाट आहे. माणूस जिथे सामान्यतः राहतो किंवा काम करतो, त्या राज्यात त्याला अर्ज करता येतो. लायसन इथले निघाले, तरी ते देशभर चालते, त्यामुळे माहेरी स्कूटर नेण्यात कसलीही आडकाठी नाही.

भाषा अर्ज करतानाच निवडावी लागते. जी यादी समोर येईल, तिच्यातली न अडखळता वाचता येईल ती भाषा घ्या. प्रत्येक प्रश्नाला वेळ मोजून दिलेला असतो. अक्षरे जुळवत कन्नड वाचणाऱ्याने इंग्रजी घेतलेली बरी.

केंद्रातल्या त्या माणसाला नकार दिलात, हे योग्यच केलेत.

उत्तर २ (निपाणी)

वरील काकांनी शेवटच्या वाक्यात जे थोडक्यात सांगितले, ते मी माझ्या घरच्या अनुभवावरून विस्ताराने लिहितो, कारण ही चूक आम्ही केलेली आहे.

माझ्या मुलाचे कच्चे लायसन आम्ही अशाच एका केंद्रातून काढले. तो कॅमेऱ्यासमोर बसला, माउस दुसऱ्याच्या हातात होता, आणि पाच-सात मिनिटांत काम झाले. घरी सर्वांना आनंद झाला. मीही पेढे आणले, हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते. पुढे पक्के लायसनही मिळाले, कारण ग्राउंडवर आठचा आकडा काढण्याइतकी मोटारसायकल त्याला येत होती. येत नव्हते ते रस्त्याचे वाचन.

गळिताचा हंगाम होता. आमच्याकडे त्या दिवसांत दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात आणि कित्येकांच्या मागे लाल परावर्तक पट्टीसुद्धा नसते. संकेश्वरकडून येताना संध्याकाळी मुलगा अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे होता. वळणापाशी रस्त्याच्या मध्यावरची रेघ अखंड झाली होती, म्हणजे ती ओलांडून पुढे जायचे नव्हते. त्याने ती ओलांडली. समोरून जीप आली म्हणून तो घाईने डावीकडे वळला आणि ट्रेलरच्या बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांत त्याचे हँडल अडकले. मनगटाचे हाड दोन ठिकाणी मोडले. हेल्मेट होते म्हणून त्यावर निभावले.

दवाखान्यात मी त्याला विचारले, “रेघ दिसली नाही का?” तो म्हणाला, “दिसली, पण तुटक आणि अखंड यांत काय फरक असतो, ते मला माहीत नव्हते.” परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो. दुसऱ्याच्या हाताने दिलेल्या उत्तराने त्याला तो कधी पाहावाच लागला नव्हता. ट्रॅक्टरवाल्याची चूक होती की नव्हती, याचा हिशेब मी आजही मनात करतो, परंतु माझ्या मुलाला त्या रेघेचा अर्थ ठाऊक असता, तर तो मागेच थांबला असता, हे मला नाकारता येत नाही.

तुमच्या शाळेत मुले असतील, म्हणून आणखी एक सांगतो. अठरा पूर्ण होण्याआधी मुलाच्या हाती गाडी दिली आणि अपराध घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. पालक सभेत हे अवश्य सांगा.

उत्तर ३ (शहापूर, बेळगाव)

मी वयाच्या ४६ व्या वर्षी पहिले लायसन काढले, तेव्हा तुम्हाला २७ व्या वर्षी काहीच अवघड नाही. चाळिशी ओलांडल्यामुळे मला डॉक्टरांचे प्रमाणपत्र नमुना १-अ मध्ये द्यावे लागले. तुम्हाला नमुना १ वर स्वतःचे निवेदन पुरेल.

कन्नडची धास्ती बाळगू नका. परीक्षेसाठी इंग्रजी घेतली, तरी रस्त्यावरचे फलक कन्नडमध्ये असणारच, आणि उपयोगाचे शब्द मोजकेच आहेत. ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे, ‘बलक्के’ म्हणजे उजवीकडे, ‘तिरुवु’ म्हणजे वळण, ‘सेतुवे’ म्हणजे पूल, ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चला. ‘मुंदे शाले इदे’ हा फलक तर तुमच्याच शाळेच्या अलीकडे असू शकेल: पुढे शाळा आहे. ‘अपघात वलय’ मात्र तुम्हाला कोणी समजावून सांगायला नको, कारण अपघात दोन्ही भाषांत अपघातच आहे. मी हे शब्द कन्नड लिपीत एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले होते आणि भाजी काढायला गेले की वाचत असे. पंधरा दिवसांत अक्षरे न जुळवता शब्द ओळखू येऊ लागले.

प्रश्नकर्ती (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या काकांचे लिहिणे वाचून घरात सगळेच गप्प झाले. परीक्षा मी माझ्याच हाताने देणार, हे आता सासूबाईंनीही उचलून धरले आहे. आधारचा पत्ता बदलण्यासाठी कागदपत्रे जमवली आहेत. आणखी दोनच शंका आहेत. अर्जात बिनगिअरची दुचाकी निवडू की गिअरची? आणि कच्चे लायसन हाती आल्यावर मी एकटीने स्कूटर घेऊन शाळेला जाऊ शकते का?

उत्तर १ (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, घरात यजमानांची मोटारसायकल असेल आणि ती कधीतरी चालवण्याची शक्यता असेल, तर गिअरची दुचाकी निवडा, मात्र त्यासाठी चाचणीही गिअरच्या गाडीवर द्यावी लागेल. केवळ बिनगिअरचे लायसन असताना मोटारसायकल चालवणे हे लायसन नसल्यासारखेच धरले जाते.

कच्चे लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची चाचणी देता येत नाही. हे तीस दिवस वाट पाहण्यासाठी नसून शिकण्यासाठी आहेत. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असलाच पाहिजे. पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच, असे माप नियमात दिले आहे, तेव्हा बोटाएवढे स्टिकर चालणार नाही. शिकवणारा पक्के लायसन असलेलाच हवा, आणि त्याच्याखेरीज मागे दुसऱ्या कोणालाही बसवता येत नाही, मग ती शाळेतली एखादी लहान मुलगी का असेना. त्यामुळे शाळेला एकटीने जाणे पक्के लायसन मिळेपर्यंत मनात आणू नका. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर यजमानांसोबत ब्रेक, वळण आणि आठचा आकडा घोटून घ्या.

चाचणीत नापास झालात, तरी खचून जाऊ नका. सात दिवसांनी पुन्हा जाता येते. मात्र सलग तीनदा अपयश आले, तर साठ दिवस थांबावे लागते. त्या दिवशी गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण चाचणीचे प्रमाणपत्र बरोबर ठेवा, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावा, आणि बेळगावला जाताना स्कूटर यजमानांना चालवू द्या.