गर्भात रुमेन मोठं, मग जन्मताना अबोमॅसम मोठं कसं?

व्हेट_विद्यार्थी: नमस्कार, प्रॅक्टिकलला गायीचा साधारण चार महिन्यांचा गर्भ बघितला, त्यात रुमेन (जठराचा पहिला कप्पा) चांगलं मोठं होतं, अगदी मोठ्या जनावरासारखं. पण पुस्तकात तर लिहिलंय की नवजात वासरात अबोमॅसमच (चौथा, शेवटचा कप्पा) सगळ्यात मोठं असतं. दोन्ही खरं कसं? आणि जठराचे चारही कप्पे वेगवेगळे तयार होतात की एकातूनच? परीक्षेपुरतं नकोय, नीट समजून घ्यायचंय.

गर्भशास्त्र_प्रेमी: दोन्ही खरं आहे, वेळ वेगळी आहे. सुरुवातीला फक्त एक नळी असते, ती मध्ये फुगते आणि त्या एकाच फुगवट्यातून चारही कप्पे निघतात. मोठ्या वक्रतेच्या (जठराच्या बाहेरच्या लांब कडेच्या) बाजूने, डावीकडे रुमेन आणि रेटिक्युलम (दुसरा कप्पा), लहान वक्रतेकडून (आतल्या आखूड कडेकडून) ओमॅसम (तिसरा कप्पा), आणि उरलेला भाग अबोमॅसम. गायीत दोन महिन्यांच्या आसपास चारही ओळखू येतात, गाभणकाळ नऊ महिन्यांचा म्हटल्यावर हे किती लवकर झालं बघा! रुमेन आधी पुढे आणि वर वाढतं, मग अख्खं मागे वळतं म्हणून त्याच्या आंधळ्या (एका टोकाला बंद) पिशव्या शेवटी मागच्या बाजूला येतात, आणि अबोमॅसम खाली उजवीकडे सरकतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रमाण मोठ्या जनावरासारखं असतं, तुम्ही तेच पाहिलंत. त्यानंतर अबोमॅसम झपाट्याने वाढतं आणि जन्मताना एकूण जठराच्या जवळपास निम्मं किंवा जास्तच भरतं.

गोठा_सांभाळणारा: म्हणजे मधे रुमेन आक्रसतं का सर?

गर्भशास्त्र_प्रेमी: नाही दादा, ते वाढतच असतं, फक्त अबोमॅसम त्याच्या पुढे जातं. जन्मल्यावर चीक आणि दूध पचवायचं काम त्याचंच, आणि दूध अन्ननलिकेच्या खोबणीतून जवळजवळ थेट तिथेच जातं. वासरू चारा-खुराक खायला लागलं की रुमेन परत पुढे, मोठ्या गायीत ते एकटंच 80 टक्क्यांच्या आसपास.

कट्टा_व्हेट: पण पहिले तीन कप्पे अन्ननलिकेपासून होतात असं आम्हाला शिकवलेलं, आतलं अस्तरही तसंच आहे ना, ग्रंथी नाहीत, थरांचं.

शेळी_ताई: ते मत जुनं आहे हो. अस्तर सारखं दिसतं म्हणून उगम तोच असं होत नाही. ओमेंटम (पोटातला चरबीचा पातळ पडदा) बघा ना! मोठं ओमेंटम गर्भातल्या जठराच्या मोठ्या वक्रतेला चिकटलेलं असतं आणि मोठ्या जनावरात ते रुमेनच्या डाव्या-उजव्या लांब खाचांवरच सापडतं. रुमेन अन्ननलिकेचं असतं तर ओमेंटम तिथे आलंच नसतं. मला तर हा पुरावा सगळ्यात पटतो, कारण तो हाताने चाचपता येतो. शेळी-मेंढीतही क्रम हाच, फक्त पाच महिन्यांत सगळं उरकतं. @व्हेट_विद्यार्थी पुढच्या वेळी गर्भ बघाल तेव्हा ओमॅसम कापून आतले पडदे पण बघा, मोठे आधी येतात आणि लहान नंतर त्यांच्या मधे मधे, त्यावरून गर्भाच्या वयाचा बराच अंदाज येतो.