मदत हवी आहे: घरच्या सर्व्हरपुढे कॅडी, एनजिनएक्स की ट्रेफिक?

नमस्कार मंडळी. घरच्या छोट्या सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याची सोय) नेक्स्टक्लाउड (फायली), जेलीफिन (चित्रपट-गाणी) आणि व्हॉल्टवॉर्डन (पासवर्ड) चालवतो. आता प्रत्येकाला सबडोमेन (स्वतंत्र पत्ता) आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) द्यायचं आहे. त्यासाठी पुढे रिव्हर्स प्रॉक्सी हवा, म्हणजे आलेली विनंती योग्य ॲपकडे पाठवणारा प्रोग्राम; कॅडी, एनजिनएक्स आणि ट्रेफिक हे त्याचेच पर्याय. व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान तर एचटीटीपीएसशिवाय नीट चालतच नाही, आणि घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्यात आहेत, त्यामुळे हे काम मला पक्कं करायचंय.

माझा कल कॅडीकडे आहे. दोन-तीन ओळींत एक साइट होते, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आपोआप येतं, वेबसॉकेटसाठी (ब्राउझर-सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) वेगळं काही लिहावं लागत नाही. एनजिनएक्सवर माहिती भरपूर मिळते, पण अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी, ती नेक्स्टक्लाउडसाठी वाढवायची, सर्टिफिकेट आणणारा सर्टबॉट वेगळा सांभाळायचा. ट्रेफिकची लेबलची पद्धत (प्रत्येक कंटेनरवरच्या लेबलातून सेटिंग वाचणं) आवडली. मात्र त्यासाठी डॉकरचं सॉकेट, म्हणजे डॉकरचं नियंत्रणच, त्याच्या हाती द्यायला मन धजत नाही.

खरी अडचण अशी: माझं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे (कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटते), बाहेरून ८० आणि ४४३ पोर्ट पोहोचत नाहीत. (बाहेर असताना टेलस्केल या व्हीपीएनने जोडतो, ते उत्तम चालतं.) म्हणजे लेट्स एन्क्रिप्टच्या मोफत सर्टिफिकेटसाठी डीएनएस चॅलेंजच हवं (डोमेन आपलंच आहे हे डीएनएसमधल्या नोंदीने सिद्ध करणं), आणि कॅडीच्या मूळ बिल्डमध्ये डीएनएस पुरवठादारांचे मॉड्यूल नसतात. मॉड्यूल घातलेला वेगळा बिल्ड लागतो; तो मी एक्सकॅडी या साधनाने स्वतः करायचं म्हणतोय.

असा स्वतःचा बिल्ड कुणी दीर्घकाळ वापरतंय का? सुरक्षेचे अपडेट वेळेवर कसे घेता? की या एका कारणासाठी एनजिनएक्सच बरा? डीएनएसची एपीआय किल्ली (डीएनएसच्या नोंदी आपोआप बदलायची गुप्त किल्ली) कुठे ठेवता, तेही सांगा.