फ्रीड्रिक अटॅक्सिया आणि हार्ट: मुलाच्या मणक्याच्या ऑपरेशनआधी माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी, लेकाबद्दल विचारायचंय. वय १६. अकराव्या वर्षापासून चालताना तोल जायला लागला, आम्हाला वाटलं भराभर उंची वाढतेय म्हणून धडपडतो. चष्मा झाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली तर पाय उडेचना, मग जेनेटिक टेस्ट केली आणि फ्रीड्रिक अटॅक्सिया निघाला, म्हणजे नसांचा, तोल बिघडवणारा आनुवंशिक आजार. आम्हा दोघांकडून एकेक बिघडलेलं जीन त्याच्याकडे गेलंय, आम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही.

यात फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रोटीन कमी पडतं आणि त्याचा फटका हार्टच्या स्नायूलाही बसतो हे आम्हाला निदानानंतरच कळलं. ईसीजीत टी वेव्ह उलट्या आल्यात, इकोत डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसतेय, पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल. जो तो विचारतो दम लागतो का, धडधडतं का, आम्ही नाही म्हटलं की समोरचा निश्चिंत. पण अहो, पोरगं दिवसभर व्हीलचेअरवर, ना जिना चढत ना धावत, त्याला दम लागणार कधी आणि आम्हाला कळणार कसं?

त्यात मणका वाकलाय, बाक ५० अंशांच्या वर गेलाय. हाडांचे डॉक्टर म्हणतात उशीर नको, हार्टचे म्हणतात पंपिंग चांगलं आहे, करून घ्या. मला मात्र धीर होत नाही, पालथं झोपवून इतके तास भूल, रक्तही बरंच जातं, आणि या आजारात पंपिंग चांगलं असतानाही ठोके बिघडू शकतात असं वाचलंय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, आधी २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) आणि हार्टचा एमआरआय करून घेतला होता का? आम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही, मी स्वतःहून मागू का? भूल द्यायला हार्टच्या केसेस करणारे डॉक्टर मुद्दाम बोलावले होते का? आयसीयूत किती दिवस लागले? अमेरिकेत २०२३ साली ओमाव्हेलोक्सोलोन हे या आजारावरचं औषध मंजूर झालंय, ते १६ वर्षं आणि त्यापुढे चालतं, पण हार्ट असं असताना कोणी विचारलंय का डॉक्टरांना?

अजून एक. धाकटी ९ वर्षांची आहे, दोरीवरच्या उड्या मारत असते, तिलाही हा आजार असायची शक्यता चारात एक. तिची टेस्ट आत्ता करावी का थांबावं, यावर घरात रोज बोलणं होतं आणि अर्धवट राहतं.

पुढच्या सोमवारी दोन्ही डॉक्टरांना एकत्र भेटायचंय, त्याआधी कोणाचा अनुभव कळला तर नीट प्रश्न विचारता येतील.