मोठा टेबल सॉ घ्यायचाय पण हात नीट पोचला पाहिजे, काय बघू?

प्लायवाली_सांगली
नमस्कार मंडळी. शेड 15 बाय 25 फूट, कामं बहुतेक किचनची, म्हणजे 18 मिमी प्लाय आणि एमडीएफ, अधूनमधून सागवानही फाडायचं असतं. आत्तापर्यंत टेबलाखाली उलटा कटर बसवून भागवलं, ते आता बंद करायचंय. एक लोकल बनावटीचा बिडाचा सॉ बघून आले, टेबल 4 बाय 3, उंची 36 इंच, आणि माझी उंची 5 फूट 1 इंच. पुढच्या कडेला पोट टेकवून उभी राहिले तर पात्याच्या पलीकडे माल धरायला टाचा उचलाव्या लागतात, बटण खाली कुठंतरी कोपऱ्यात, वाकून शोधावं लागतं. दुकानदार म्हणतो सवय होईल. हेल्पर एकच, तोही रोज येईल असं नाही. स्लायडिंग (सरकत्या गाडीचा) घेऊ की छोटाच सॉ बरा?

रंधा_पटाशी
ताई, पात्याच्या पलीकडे हात न्यायचाच नाही मुळात!! पात्याचे दात पुढून खाली जातात आणि मागून वर येतात, चीर मिटली किंवा माल फेन्स (ज्याला टेकवून माल ढकलतो ती बाजूची सरळ पट्टी) नि पात्याच्या मधे अडकला की मागचे दात तो उचलून थेट अंगावर फेकतात आणि तुमचा हात पलीकडे असेल तर तोही पात्यावर ओढला जाऊ शकतो. त्यामुळे टेबल मोठं हवं ते मागे आणि डावीकडे, पुढे नाही. मागे सॉच्या लेव्हलचं (केसभर खालीच, नाहीतर शीट अडतं) साधं प्लायचं टेबल ठोका, कापलेला माल आपोआप त्यावर जातो, ओढायला कुणी लागत नाही.
बघायला जाल तेव्हा मेन स्विच बंद करायला लावा, पातं पूर्ण खाली घ्या आणि फूटभर रुंद प्लायचा तुकडा हातात घेऊन खोटी खोटी कट मारा, पुश स्टिकसकट (माल ढकलायची काठी). दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, न वाकता तुकडा पात्याच्या पार गेला तर सॉ तुमचा. बटण मांडीनं किंवा गुडघ्यानं बंद होतंय का तेही बघा, कारण गरज लागते तेव्हा दोन्ही हात मालावर असतात. आणि रायविंग नाइफ (पात्याच्या मागची, चीर मिटू न देणारी पट्टी) नसेल तर बिडाचं वजन कितीही असो, सोडा तो सॉ.

थ्रीफेज_वाला
पॅनलचंच काम जास्त असेल तर स्लायडिंगला पर्याय नाही. शीट गाडीवर असतं, आपण पात्याच्या डावीकडे उभे, हात गाडीवरच राहतो. सनमायका लावलेला माल असेल तर पुढचं छोटं स्कोरिंग पातं खालची कड फुटू देत नाही. पण 3200 मिमीची गाडी पुढेमागे जायला लांबीत 22-23 फूट मोकळे लागतात, तुमच्या 25 फुटांत बसेल पण मग बाकी सगळं भिंतीला चिकटवून ठेवा. आखूड गाडीचे येतात, त्यावर पूर्ण 8 फुटी कट एका दमात होत नाही. आणि थ्री फेज कनेक्शन आहे का ते आधी सांगा.

नागदेवीचं_गिऱ्हाईक
एकटीनं काम करणार असाल तर माझं मत वेगळं आहे. 18 मिमी एमडीएफचं 8 बाय 4 शीट म्हणजे 40 किलोच्या आसपास, ते एकट्यानं सॉवर चढवण्यातच निम्मा धोका आहे, पोच वगैरे नंतरची गोष्ट. जमिनीवर थर्माकोल टाका, त्यावर शीट, ट्रॅक सॉनं (पट्टीच्या रुळावर सरकवायचा हातातला सॉ) आधी मोठे तुकडे करा आणि मग टेबल सॉवर फायनल. असं केलंत तर फेन्स 25 इंच सरकला तरी बास, शीटची अर्धी रुंदी 610 मिमी म्हणजे 24 इंचच आहे की. 50 इंची फेन्सचे पैसे वाचतात, जागाही वाचते.

रंधा_पटाशी
हे बरोबर बोललात. फक्त तो जॉबसाइटचा हलका सॉ स्टँडवरून नको, सागवान जाड असेल तर सगळंच हलतं. आणि सागवान फाडताना फेन्स पात्याच्या मध्यापर्यंतच हवा, नाहीतर लाकूड उमललं की त्याला जायला जागा नाही. लाकडाची एक पट्टी फेन्सला क्लॅम्प करा, तेवढ्यानं भागतं.

प्लायवाली_सांगली
थ्री फेज आहे. ट्रॅक सॉचं पटलं. मग 36 इंचासाठी पायाखाली पाट ठेवला तर चालेल ना?

थ्रीफेज_वाला
छोटा पाट अजिबात नको, माल ढकलताना पाय आपसूक पुढे सरकतो आणि कडेवरून घसरतो. स्टँड फॅब्रिकेशनचा असेल तर पाय कापून घ्या. कोपर दुमडून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्याच्या खाली चार-सहा इंच म्हणजे तुमचं टेबल, अंदाजे 32-33 येईल. फक्त मोटर नि बेल्टला खाली जागा उरते का ते आधी बघा. कापता येत नसेल तर सॉच्या पुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्यांचा ओटाच करा.

भुसा_भुसा
बोट लागलं की थांबणारे सॉ पण येतात हो, सॉस्टॉप वगैरे. 5 मिलिसेकंदाच्या आत पातं थांबतं, पण पातं आणि ब्रेकची कार्ट्रिज दोन्ही जातात. ओल्या लाकडावर उगाच ट्रिप होऊ शकतो. बजेट असेल तर बघा, पण रायविंग नाइफ त्यातही लागतोच. आणि ताई, ओढणी नि हातमोजे मशीनजवळ नकोत.

प्लायवाली_सांगली
ओढणी कधीच नसते, ॲप्रन असतो. शनिवारी प्लायचा तुकडा घेऊन परत जाते त्याच दुकानात. रायविंग नाइफ आणि पातं यात गॅप किती असावा?

रंधा_पटाशी
3 ते 8 मिमी, म्हणजे एक ते अडीच सूत. पात्याबरोबर वरखाली व्हायला हवा, फिक्स पट्टी असेल तर तो स्प्लिटर, नाइफ म्हणून विकतील तुम्हाला.