आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी भरतकामाची कार्डे : कागद फाटतो आहे, काय करावे?

शाहूपुरीकर

माझ्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन श्रावणात, इथे कोल्हापुरात आमच्या घरीच, चाळीसेक आप्तांच्या उपस्थितीत करायचे ठरले आहे. आत्याने मुलींच्या शाळेत तीस वर्षे शिवणकाम शिकवले. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला दुकानातील भेटवस्तूऐवजी हाताने भरलेले एक छोटे कार्ड द्यावे आणि घराची सजावट केवळ ताज्या फुलांनी करावी, असे मी सर्वांसमोर बोलून बसले आहे आणि आता चांगलीच अडकले आहे.

साधा पांढरा कार्डपेपर आणून मी त्यावर चंद्र साखळी टाक्याने आणि त्याखाली जाईचा वेल दांडी टाक्याने भरून पाहिला. पाच कार्डांपैकी चार फाटली. दोन कार्डांवरचा चंद्र तर कडेने कापल्यासारखा अख्खाच्या अख्खा सुटून हातात आला. पाचवे टिकले, पण त्याच्या पाठीवर गाठींचा आणि आडव्यातिडव्या दोऱ्यांचा जो गुंता झाला आहे तो मलाच पाहवत नाही. खरी अडचण हीच आहे, कारण कोणतेही भरतकाम हाती आले की आत्या ते आधी उलटे करून पाहते. पाठ पाहिल्याशिवाय ती गुण देत नसे, असे तिच्या जुन्या विद्यार्थिनी अजूनही हसत सांगतात. मागे कागद चिकटवून मी गुंता झाकला, तर काहीतरी झाकले आहे हे तिला पहिल्याच नजरेत कळेल. शिवाय गोंद लावला की या हवेत कार्डाला सुरकुत्या पडतात, तो त्रास वेगळाच.

फुलांचेही विचारायचे आहे. पावसाळ्यात घरातील फुले दिवसभर टवटवीत राहावीत यासाठी काय करावे? आणि शेवटचे म्हणजे, माझ्या चुलत भावाच्या मते घरी केलेले काही हातावर ठेवणे म्हणजे खर्च वाचवल्यासारखे दिसते. यावर आपणा सर्वांचे मत काय?

धावदोरा

ताई, कापडाचे टाके कागदावर जसेच्या तसे उतरवल्याने हे झाले आहे. कापडात सुई दोन धाग्यांच्या मधून वाट काढते आणि उसवले तर ती वाट पुन्हा मिटते. कागदात मात्र प्रत्येक छिद्र कायमचे असते. साखळी टाक्यात छिद्रे इतकी जवळजवळ येतात की टपाल तिकिटांच्या तावावर असते तशी छिद्रांची रांग तयार होते आणि दोरा ओढताच कागद त्या रेषेवर सुटतो. आपला चंद्र अख्खा हातात आला तो यामुळेच. दोन छिद्रांत किमान ३ मिलिमीटर अंतर ठेवावे, आणि एकाच छिद्रातून दोनापेक्षा अधिक वेळा सुई नेऊ नये. फ्रेंच नॉटच्या (सुईवर दोरा गुंडाळून मारायच्या) गाठीही टाळाव्यात, कारण त्या छिद्रातून सरळ मागे निसटतात.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्यावा. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात अशा कागदाची कात्रणे उरतात. विचारून पाहिले तर ती स्वस्तात मिळू शकतात. चिंध्यांपासून केलेला हातकागद मिळाल्यास अधिक बरे, कारण त्यातील सुती तंतू लांब असल्यामुळे तो छिद्रापाशी सहसा चिरत नाही. घडी घालण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो त्याच दिशेने संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घडी घालावी, म्हणजे घडीवर पापुद्रे निघत नाहीत.

सर्व छिद्रे आधी पाडून घ्यावीत, भरताना सुईने वाट शोधत बसू नये. बटर पेपरवर आकृती काढून ती कार्डावर ठेवावी, खाली घडी घातलेले जुने ब्लँकेट घ्यावे आणि सुईचे मागचे टोक खोडरबरात खोचून टोचत जावे. चाळीस कार्डे करायची तर बोटांची काळजी आधी घ्यायला हवी. टोचायचे ते नेहमी दर्शनी बाजूने, म्हणजे छिद्राची उचललेली कड मागे राहते.

आता पाठीचा प्रश्न. यावर माझ्याकडे एक उत्तर आहे आणि योगायोगाने ते चंद्राचेच आहे. ५ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ काढून त्यावर कोनमापकाने दर १० अंशांवर एक अशी ३६ छिद्रे पाडावीत. दोन छिद्रांमध्ये साधारण ४.४ मिलिमीटर अंतर पडते, म्हणजे कागद सुरक्षित राहतो. दोरा १ मधून वर काढून ११ मध्ये घालावा, मागून शेजारच्या १२ मध्ये यावे, वरून २ मध्ये जावे, मागून ३ मध्ये, वरून १३ मध्ये, मागून १४ मध्ये, वरून ४ मध्ये, आणि असेच पुढे चालावे. वर ३६ सरळ रेषा पडतात, पण डोळ्यांना दिसते ते मधोमध सुमारे ३ सेंटीमीटरचे रिकामे गोल बिंब आणि त्याभोवती प्रभावळ. मागे काय होते ते पाहा : प्रत्येक दोन छिद्रांमधील जागेत नेमका एकच छोटा टाका पडतो, एकही जागा सुटत नाही आणि एकही दुहेरी होत नाही. पाठीवर उलट्या टिपेचे अखंड कडे तयार होते. गाठ मारायची नाही. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक या कड्याच्या चार-पाच टाक्यांखालून ओवून कापून टाकायचे. गोंद नाही, चिकटपट्टी नाही, झाकण्याजोगे काही उरतच नाही. कार्ड उघडल्यावर डाव्या पानावर ही पाठ दिसू द्यावी आणि मजकूर उजव्या पानावर लिहावा.

सरळ दोऱ्यांतून वक्ररेषा उमटवण्याची ही युक्ती मुळात गणिताच्या वर्गातली आहे. मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) या इंग्रज गणितशिक्षिका मुलांना टोचलेल्या कार्डांवर अशा आकृती शिवायला देत असत. ज्यांच्या नावावरून शिखराचे नाव पडले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या त्या पुतणी. शिवणकामाच्या बाईंना ही गोष्ट आवडेल असे वाटते.

दोऱ्याचा हिशेब असा. सहा पदरी दोऱ्यातील दोनच पदर वापरावेत आणि एका वेळी हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नये, कारण कागदाच्या कडेवर घासून तो पिंजतो. एका चंद्राला टोकांसह पावणेदोन मीटर दोरा लागतो. ८ मीटरच्या लडीतून दोन पदरी दोरा २४ मीटर निघतो, म्हणजे एका लडीत बारा-तेरा चंद्र. चार लड्या पुरेत. वेळ मात्र एका कार्डाला टोचण्यासह तासभर धरावा.

परसबाग

भरतकामातील मला काही कळत नाही, फुलांचे तेवढे सांगतो.

श्रावणात सर्वांत भरवशाची गुलछडी, ज्याला काही जण निशिगंध म्हणतात. तिची फुले खालून वर उमलत जातात, म्हणून तळाची दोन-तीन फुले उमललेली आणि वरच्या कळ्या भरलेल्या अशा काड्या आदल्या संध्याकाळी घ्याव्यात आणि शेंड्याच्या अगदी बारीक कळ्या खुडून टाकाव्यात. कपिलतीर्थ मंडईत किंवा महाद्वारापाशी पहाटे लवकर गेल्यास निवडीला वाव मिळतो. उन्हे वर आल्यावर उरते ते शिंपडलेल्या पाण्यावर तग धरून असते. काडीचा देठ पाण्यात बुडवून तिरपा कापावा, म्हणजे त्यात हवेचा बुडबुडा शिरत नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण फुले कोमेजण्याआधी पाणी नासते आणि पाणी नासते ते या पानांमुळे. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घालावा. साखर फुलासाठी आणि आंबटपणा जंतू रोखण्यासाठी. हे मिश्रण तांब्यापितळेच्या भांड्यात मात्र ठेवू नये, तिथे साधेच पाणी घालून ते रोज बदलावे.

जरबेरा घेणार असाल (शिरोळ तालुक्यातील हरितगृहांमधून तो येतोच) तर भांड्यात चार बोटेच पाणी ठेवावे. त्याचा देठ लवदार आणि मऊ असतो, खोल पाण्यात तो सडतो आणि फूल मान टाकते. जास्वंदीला पाण्याची गरजच नाही. पाण्यात ठेवा किंवा कोरडी ठेवा, ती संध्याकाळपर्यंतच सोबत करते, म्हणून तिला सकाळच्या पूजेपुरतीच धरावी. सोनचाफ्याला बोटे जितकी कमी लागतील तितके चांगले, कारण जिथे दाबला जातो तिथे तो तपकिरी पडतो. ओलसर फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवावा आणि पाहुणे येण्यापूर्वी पसरट भांड्यातील पाण्यावर सोडावा. जाईच्या कळ्या दुपारी तोडून केळीच्या पानात ठेवल्या तर संध्याकाळी घरात उमलतात आणि त्या वासापुढे बाकीची सजावट कमी पडते.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगून ठेवतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी फुलांची परडी आणि केळ्यांचा घड एकाच खोलीत, दार लावून रात्रभर ठेवला. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि फुले त्याने अवेळी म्हातारी होतात; सकाळी अर्धी फुले झडलेली होती. प्रसादाची केळी दुसऱ्या खोलीत ठेवा. फुलांवर पंख्याचा झोतही येऊ देऊ नका.

कार्डावर सुकवलेली फुले चिकटवण्याचा विचार असेल तर पावसाळ्यात तो सोडून द्यावा. जाई आणि तगर सुकल्यावर तपकिरी होतात, जास्वंदीचा लाल रंग जांभळा पडतो आणि वहीत दाबलेल्या फुलांना आठ दिवसांत बुरशी येते. नेच्याचे पान तेवढे दोन कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्रीने चांगले सुकते.

मंगळवारपेठ

आपल्या बंधूंचे म्हणणे मला पटत नाही, पण ते पूर्ण चुकीचे आहे असेही म्हणवत नाही. हाताने केलेल्या वस्तूचे मोल तिच्या सफाईवर ठरते. या गावाला लोक कलापूर म्हणतात, शाहू स्मारक भवनातील कलादालनात सतत कोणाची ना कोणाची चित्रे लागलेली असतात, आणि त्यामुळे इथल्या पाहुण्यांची नजर तयार असते. चाळीस कार्डांपैकी पहिली दहा सुरेख आणि उरलेली घाईची झाली, तर ज्याच्या हाती एकतिसावे कार्ड येईल त्याला कौतुक वाटणार नाही. धावदोरा यांनी तासाचा हिशेब दिलाच आहे. चाळीस तास आपल्याकडे आहेत का? नसतील तर कुटुंबामागे एक कार्ड द्यावे, पंधरा-सोळात काम भागेल.

आत्याबाईंसाठी मात्र वेगळे काही करावे असे सुचवते. कोल्हापुरी साजाच्या (गळ्यातील दागिन्याच्या) पानांतील आकृती, म्हणजे मासा, कमळ, चंद्र, बेलपान, शंख, या पाच-सहा आकृती एकाच मोठ्या कार्डावर भराव्यात. त्यांच्या पिढीला ही पाने नावानिशी ओळखता येतात.

जाता जाता, हजार चंद्रांचा हिशेबही कार्डात लिहिता येईल. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार वेळा म्हणजे २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षे १० महिने.

धावदोरा

साजाची कल्पना उत्तम आहे, पण माशाचे खवले आणि शंखाचे वळसे कागदावर भरू नयेत. इतक्या बारीक वळणांना छिद्रे दाटीने पाडावी लागतात आणि आपण पुन्हा पहिल्या अडचणीपाशी येतो. त्या आकृती केंब्रिकच्या (तलम सुती कापडाच्या) तुकड्यावर नेहमीच्या टाक्यांनी भराव्यात आणि तुकडा कार्डाच्या वरच्या कडेलाच दुहेरी चिकटपट्टीने लावावा, म्हणजे खालून उचलून पाठ पाहता येते. दुहेरी चिकटपट्टीत पाणी नसल्यामुळे सुरकुत्याही पडत नाहीत.

शाहूपुरीकर (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. कुटुंबामागे एक असा हिशेब धरून अठरा कार्डे केली. ज्याला खर्च वाचवल्यासारखे वाटत होते, त्या चुलत भावाला छिद्रे पाडण्याच्या कामावर बसवले. कोनमापक त्याने इतका गांभीर्याने घेतला की तीन कार्डे त्याने स्वतःच बाद केली. गुलछडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. सोनचाफा मात्र आलेल्या प्रत्येकाने हाताळला आणि सायंकाळपर्यंत तपकिरी पडला.

आत्याने अपेक्षेप्रमाणे कार्ड आधी उघडून पाठ पाहिली, चष्मा वर करून कड्यावरून नख फिरवले आणि दोऱ्याचे टोक कुठे दडवले आहे ते विचारले. मलाही ते चटकन दाखवता आले नाही. साजाच्या तुकड्यावरील शंखाबद्दल तिचे मत वेगळे पडले. तो उसवून पुन्हा भरण्यासाठी तिने स्वतःकडे ठेवून घेतला आहे.

पाच कार्डे उरली आहेत. कपाटात उभी ठेवली होती, तर ती या दमट हवेत धनुष्यासारखी वाकली. ती सरळ होतील का?

धावदोरा

होतील. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर आडवी ठेवा. दोऱ्याच्या बाजूला मऊ फडके घालायला विसरू नका, नाहीतर प्रभावळ चपटी होईल.